आकाशातल्या हेराची घरगुती कामे

दिवाळी जवळ आली हे आमच्या घरात दोन खुणांवरून कळते. पहिली खूण म्हणजे भाजणीचा खमंग वास, आणि दुसरी म्हणजे ठाण्याच्या मेव्हण्यांकडून मोबाइलवर येणारा तो फोटो. आपल्यालाही तो कोणीतरी पाठवलाच असेल. काळ्याभोर समुद्रात उमटलेला भारताचा आकार, त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या आणि लाल ठिपक्यांची रांगोळी, आणि खाली मजकूर : ‘दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा आपला भारत. नासाने घेतलेले छायाचित्र.’ मेव्हणे वयाने मला वडील. त्यामुळे मीही दरवर्षी मान राखून ‘वा, अप्रतिम!’ असे उत्तर धाडीत असे, आणि दोन्ही घरी समाधान नांदत असे.

गेल्या वर्षी मात्र आमच्या कन्येने ही परंपरा मोडली. ती भूगोलाची विद्यार्थिनी आहे. भाऊबीजेला मेव्हणे सहकुटुंब आमच्याकडे आले होते. फराळाची ताटे समोर असतानाच ती म्हणाली, “मामा, हा फोटो दिवाळीचा नाही. खरं म्हणजे एका रात्रीचासुद्धा नाही.”

“मग हे रंग कसले ग?” मामांनी हातातली चकली तशीच ठेवून विचारले.

रंगांचा उलगडा असा. अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र व हवामान खात्यातील ख्रिस एल्विज नावाच्या शास्त्रज्ञाने २००३ मध्ये हे चित्र तयार केले. वस्ती कशी वाढत गेली ते दाखवावे, एवढाच त्याचा हेतू. १९९२ पूर्वीपासून जिथे दिवे दिसत होते ते ठिपके पांढरे, १९९२ मध्ये नव्याने दिसले ते निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले लाल. म्हणजे ज्यांना आपण आकाशकंदील समजत होतो, ते नव्या नव्या वसाहतींचे आणि रस्त्यांचे दिवे निघाले! २०१२ च्या दिवाळीत नासाने भारताचे त्याच सुमारास टिपलेले रात्रीचे छायाचित्र प्रसिद्ध केले, आणि स्पष्टच सांगून टाकले की दिवाळीच्या रोषणाईने पडणारी भर इतकी अल्प असते की अंतराळातून ती बहुधा जाणवणारही नाही.

मेव्हण्यांचा चेहरा उतरला. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू नासाला मीच फितवले होते. मला मात्र दुसरीच एक गोष्ट खटकत होती. चित्र रंगवले नोआच्या शास्त्रज्ञाने. पण ज्या उपग्रहांनी हे दिवे टिपले ते नोआने सोडलेले नव्हते. ते होते अमेरिकन लष्कराचे. आता लष्कराला आपल्या गावच्या दिव्यांशी काय कर्तव्य? कन्येला विचारले, तर “बाबा, आता तुम्हीच शोधा,” असे म्हणून ती करंजी उचलून चालती झाली. मी पडलो मराठीचा मास्तर. उपग्रहाशी माझा संबंध ‘ग्रह’ या शब्दाच्या व्युत्पत्तीपुरता. पण एकदा शंकेने घर केले की झोप लागत नाही. उन्हाळ्याची सुटी मी त्यातच घालवली, आणि जे हाती लागले ते इतके चमत्कारिक होते की दिवाळी अंकाच्या संपादकांकडे दोन पाने मागून घेतली.

ढगांची चौकशी कशासाठी?

त्या लष्करी उपग्रहांचे काम दिवे पाहण्याचे नव्हतेच. ते होते ढग पाहण्याचे. १९६२ पासून ते आकाशात जाऊ लागले. पुढे त्यांच्यावर इतका संवेदनशील डोळा बसवला गेला की चांदण्याच्या उजेडातही त्याला ढग दिसावेत. चांदणे नसेल तेव्हा त्याच डोळ्याला खालच्या शहरांचे दिवे दिसत. लष्कराच्या लेखी तो फुकटचा कचरा. शास्त्रज्ञांच्या लेखी सोने. पण ढग तरी कशाला पाहायचे? तर त्याच सुमारास आकाशात आणखी एका जातीचे उपग्रह फिरत होते, त्यांच्यापाशी मोजकी फिल्म होती, आणि ती ढगांचे फोटो काढण्यात वाया जाऊ द्यायची नव्हती.

१ मे १९६० हा दिवस मराठी माणसाला सांगावा लागत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र राज्याचा मंगलकलश आला त्याच दिवशी, तिकडे रशियात स्वेर्दलोव्स्क शहराजवळ एक अमेरिकन हेर विमान पाडले गेले. ‘यू-टू’ त्याचे नाव. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स जिवंत पकडला गेला. रशियावरची अमेरिकेची टेहळणी त्या दिवसापासून आंधळी झाली. त्यावर तोड म्हणून जी योजना आधीपासून गुपचूप शिजत होती, तिचे नाव ‘कोरोना’. (या नावाने पुढे साऱ्या जगाला घरात कोंडले, पण तो योगायोग.) बाहेर जगाला सांगितले जाई ते वेगळेच : हे ‘डिस्कव्हरर’ नावाचे शास्त्रीय उपग्रह आहेत!

या योजनेची सुरुवात अशी झाली, की आपल्याकडच्या एखाद्या सरकारी धरणालाही ती लाजवील. पहिल्या डझनभर खेपा फुकट गेल्या. कधी अग्निबाण चालेना, कधी कॅमेरा. साधी फिल्म निर्वात पोकळीत ठिसूळ होऊन तुटे. मग कोडॅक कंपनीने पॉलिएस्टरची फिल्म करून दिली. तेराव्या खेपेला, ११ ऑगस्ट १९६० रोजी, आकाशातून परत आलेली कुपी समुद्रातून बाहेर काढण्यात यश आले. पण तिच्यात फिल्म नव्हती, अमेरिकेचा राष्ट्रध्वज तेवढा होता. चौदावा उपग्रह १८ ऑगस्टला उडाला. दुसऱ्या दिवशी हवाई बेटांजवळ त्याची कुपी पॅराशूटला लोंबकळत खाली येऊ लागली. एक मालवाहू विमान मागे आकडे सोडून तिच्याभोवती घिरट्या घालीत होते. दोन वेळा नेम चुकला. तिसऱ्या वेळी, जमिनीपासून सुमारे साडेआठ हजार फुटांवर, कॅप्टन हॅरल्ड मिचेल यांच्या विमानाने ती अधांतरी झेलली. झाडावरचा आंबा झेल्याने अलगद उतरवावा तसा हा प्रकार. फक्त इथे आंबाही पडत होता आणि झेलाही उडत होता!

त्या कुपीत वीस पौंड फिल्म होती. यू-टू विमानांनी आजवरच्या सर्व उड्डाणांत मिळून रशियाचा जेवढा मुलूख टिपला होता, त्याहून अधिक या एका खेपेत टिपला गेला. पुढे १९७२ पर्यंत हे उपग्रह फिरत राहिले. सुरुवातीच्या फोटोंत चाळीस फुटांची वस्तू कशीबशी ओळखू येई, म्हणजे सबंध बंगला हा एक ठिपका. शेवटी शेवटी सहा फुटांपर्यंत मजल गेली. मोटार उभी आहे एवढे कळावे, पण ती कोणाची ते कळू नये. माणूस तर नाहीच दिसायचा.

कुलुपातली चित्रे

आता एक गंमत पाहा. उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो. तो काही रशियावर आल्यावर जागा आणि अमेरिकेवर गेल्यावर झोपलेला नसतो. कॅमेरा नीट चालतो की नाही ते तपासायचे तर ज्या जागेची लांबीरुंदी आपल्याला ठाऊक आहे त्या जागेचा, म्हणजे आपल्याच घरचा, फोटो काढणे सोयीचे. अशा रीतीने अमेरिकेतल्याच डोंगरांचे, नद्यांचे, शेतांचे फोटो त्या गुप्त कपाटांत जमू लागले. आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकी सरकारात असा विचार निघाला की, एवढा पैसा ओतून काढलेली ही चित्रे नुसती कुलुपात का ठेवावीत? नकाशे करणाऱ्या खात्याला, जंगल खात्याला, पाटबंधाऱ्यांना त्यांचा उपयोग का होऊ नये?

विचार रास्त होता, पण पंचाईत मोठी. ज्याचे अस्तित्वच मान्य करायचे नाही त्याचा उपयोग कसा करायचा? या उपग्रहांचा कारभार पाहणारी कचेरी १९६१ मध्ये स्थापन झाली, पण ती आहे हे अमेरिकेने मान्य केले ते १९९२ मध्ये! अमेरिका असे फोटो काढते ही गोष्ट उघडपणे सांगायलाही राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना १९७८ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. तत्पूर्वी १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन एका सभेत भरात येऊन बोलून गेले होते, की अंतराळावर आपण जो खर्च केला त्याच्या दहापट किंमत या फोटोंतून मिळालेल्या माहितीनेच वसूल झाली. पुढाऱ्यांची जीभ घसरण्याचे फायदेही असतात ते असे.

तोडगा निघाला तो मोठा मासलेवाईक होता. अमेरिकेचे भूशास्त्र सर्वेक्षण खाते म्हणजे आपल्याकडच्या ‘सर्व्हे ऑफ इंडिया’सारखे देशाचे नकाशे करणारे खाते. त्याच्या काही निवडक कर्मचाऱ्यांची कसून चौकशी करून त्यांना गुप्ततेची शपथ देण्यात आली. पुढे व्हर्जिनियातील रेस्टन येथे त्यांच्यासाठी वेगळी बंदिस्त इमारतही झाली. फोटो त्या इमारतीत येत, पण बाहेर जात नसत. बाहेर पडे तो नकाशा. नवा रस्ता झाला, नदीने पात्र बदलले, गाव वाढले, ते नकाशावर उमटे. कुठून कळले ते मात्र कुठेही छापलेले नसे. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरातून ताट बाहेर यावे, आत काय चालले ते विचारू नये, तसेच हे.

या फोटोंची कोणकोणती कामे झाली त्याची यादी १९७५ साली एका सरकारी अहवालात प्रसिद्ध झाली. ती वाचताना हेरगिरीचा भास कुठेच होत नाही. एखाद्या कलेक्टर कचेरीचे टिपण वाचावे तसे वाटते. नकाशे करणे. चक्रीवादळांनी झालेली हानी मोजणे. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा किनाऱ्याजवळ समुद्रातली तेलविहीर फुटून तेलाचा तवंग पसरला, त्याची पाहणी. अलास्कातून जाणाऱ्या आठशे मैलांच्या तेलनळाचा मार्ग आखणे. जंगलांची मोजदाद. मैदानी राज्यांतल्या पिकांवर पडलेल्या रोगाचा शोध. आणि सिएरा पर्वतावर किती बर्फ साठले आहे ते पाहणे.

हे शेवटचे काम मला विशेष मनोहर वाटले. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाहीच. तिथल्या शेतीचे आणि शहरांचे पाणी हिवाळ्यात सिएरा पर्वतावर बर्फ होऊन बसते आणि वसंतात वितळून खाली येते. आपण जसे ऑगस्टमध्ये सकाळी वर्तमानपत्र उघडून धरण किती टक्के भरले ते आधी पाहतो, तसे त्यांना डोंगरावरचे बर्फ पाहावे लागते. किती पाणी येणार ते आधी कळले तर धरणातले किती सोडायचे, किती राखायचे ते ठरवता येते. क्षेपणास्त्रे मोजायला केलेला डोळा अशा रीतीने पाणी मोजू लागला.

मात्र गुप्ततेचे सोवळे उघड्या कामांनाही शिवू लागले की काय होते, त्याचा एक किस्सा सांगतो. १९७३-७४ च्या हिवाळ्यात ‘स्कायलॅब’ या अंतराळस्थानकात तीन अंतराळवीर राहत होते. (पुढे १९७९ मध्ये हेच स्कायलॅब कोसळणार म्हणून आपल्याकडेही घबराट उडाली होती, माझ्या आईने त्या दिवशी आम्हा पोरांना अंगणात खेळू दिले नव्हते, असे ती अजून सांगते.) त्या अंतराळवीरांनी पृथ्वीचे हजारो फोटो काढले. कोणती एकच जागा टिपू नका असे त्यांना बजावले होते, आणि नेमकी तीच टिपली गेली : नेव्हाडाच्या वाळवंटातला ग्रूम लेक येथील गुप्त विमानतळ. १९७४ च्या एप्रिलमध्ये या एका फोटोवरून वरिष्ठ पातळीवर पत्रापत्री झाली. फोटो नासाचा, म्हणजे जनतेचा. तो दडपला तर लोक विचारणार, एवढाच का गाळला? छापला तर गुप्त जागा उघडी पडणार. अखेर तो इतर फोटोंबरोबर सार्वजनिक संग्रहात गेला, आणि गंमत म्हणजे वर्षानुवर्षे तिकडे कोणी ढुंकून पाहिले नाही.

वरून पाहणाऱ्याला विचारणारे कोण?

इथवर सारे गोड झाले. पण १९७४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने बातमी फोडली की, परदेशात हेरगिरी करण्यासाठी स्थापन झालेली सीआयए ही संस्था देशातल्याच नागरिकांवर पाळत ठेवीत आहे. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी उपराष्ट्राध्यक्ष नेल्सन रॉकफेलर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. मी वर जी यादी दिली ती याच आयोगाच्या जून १९७५ च्या अहवालातली. आयोगाने या फोटोंचाही तपास केला आणि निर्वाळा दिला की नागरी कामांसाठी त्यांचा उपयोग होण्यात गैर काही नाही. एकच यंत्रणा असताना दुसरी उभारणे हा उधळेपणा होईल. मात्र एक अट सुचवली. या वापरावर देखरेख ठेवायला नागरी खात्यांची एक समिती असावी. पूर्वी अशी एक होती, ती पुन्हा उभी करावी. त्याप्रमाणे १९७५ मध्येच समिती झाली आणि तिचे अध्यक्षपद भूशास्त्र सर्वेक्षण खात्याकडे, म्हणजे नकाशेवाल्यांकडे गेले. पोलिसांकडे नाही, लष्कराकडे नाही. ज्याला डोंगर आणि नद्यांखेरीज कशात रस नाही अशा खात्याकडे. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते.

शिवाय एक शिस्त पडली. देशातल्या एखाद्या भागाचा फोटो हवा तर मागणाऱ्या खात्याने आधी लिहून द्यायचे : कोणता भाग, कशासाठी, आणि त्या चित्राचे पुढे काय करणार. वकिलांनी ते तपासायचे. कारण अमेरिकेत १८७८ पासून असा कायदा आहे की देशातल्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी लष्कराचा वापर करू नये. आणि हे उपग्रह तर लष्कराच्या घरचे.

हे वाचून कोणी म्हणेल, एवढा बाऊ कशाला? ज्याच्या घरात काही लपवण्यासारखे नाही त्याने का भ्यावे? मीही तसेच म्हटले असते. पण दोन वर्षांपूर्वीची आमच्याच सोसायटीतली गोष्ट सांगतो. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त काका सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. पावसाळ्यात गच्ची गळते म्हणून त्यांनी निळे प्लॅस्टिक अंथरले होते. पुढे त्यांना वाढीव घरपट्टीची नोटीस आली. कारण, ‘हवाई पाहणीत आढळलेले वाढीव बांधकाम’. सोबत फोटो जोडलेला, त्यात त्यांचे निळे प्लॅस्टिक पत्र्याचे छप्पर म्हणून लाल रेघेने वेढलेले! काकांनी तीन हेलपाटे घातले. तिसऱ्या खेपेला ते प्लॅस्टिकच घडी घालून पिशवीतून घेऊन गेले आणि टेबलावर ठेवले, तेव्हा कुठे नोटीस मागे घेतली गेली. “वरून बघता तर खुशाल बघा हो,” ते मला जिन्यात म्हणाले, “पण एकदा खाली येऊन विचारा तरी!” लपवण्यासारखे त्यांच्याकडे काहीच नव्हते. होती ती फक्त गळकी गच्ची.

अमेरिकेत हाच प्रश्न २००७ मध्ये फार मोठ्या आकारात उभा राहिला. २००१ च्या हल्ल्यानंतर अंतर्गत सुरक्षेचे नवे खाते निघाले होते. २००५ मध्ये ‘कॅटरिना’ वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले तेव्हा गुप्तचर खात्यांतल्या नकाशे-चित्रांच्या जाणकारांनी बचावकार्याला मोठी मदत केली होती. नव्या खात्याने पुढचे पाऊल टाकायचे ठरवले : नकाशेवाल्यांच्या समितीऐवजी आपल्या हाताखाली एक नवी कचेरी काढायची, आणि वादळे व वणवे यांच्या जोडीला कायद्याच्या अंमलबजावणीसाठीही टेहळणी उपग्रहांची चित्रे द्यायची. ऑगस्ट २००७ मध्ये ही बातमी बाहेर आली आणि काँग्रेसमध्ये गदारोळ उठला. सभासदांनी विचारले, मर्यादा कोणत्या? नागरिकांच्या खासगीपणाचे काय? नियम आधी दाखवा, मग पैसे मागा. दोन वर्षे ही ओढाताण चालली. अखेर जून २००९ मध्ये त्या खात्याच्या मंत्री जॅनेट नेपोलिटानो यांनी ती कचेरी सुरू होण्यापूर्वीच गुंडाळली. स्थानिक पोलिसांशी बोलल्यावर असे दिसले, की त्यांना स्वतःलाच या गोष्टीची एवढी निकड नव्हती! नकाशेवाल्यांची जुनी समिती आपले काम करीत राहिली.

उलट वणव्यांच्या बाबतीत कोणी कुरकुर केली नाही. लष्करी उपग्रहांना क्षेपणास्त्राची ज्वाला दिसते, तसा जंगलातला वणवाही दिसतो. २०१९ पासून ‘फायरगार्ड’ नावाच्या योजनेत नॅशनल गार्डचे जवान ही माहिती पाहून आग कुठवर पसरली ते अग्निशामकांना कळवतात. ज्यांची घरे डोंगरातल्या रानात आहेत त्यांना हा डोळा आणखी टक्क उघडा हवा असेल. वरून पाहणे तेच. माणसाचे मत मात्र वणव्याच्या बाजूला वेगळे आणि घरपट्टीच्या बाजूला वेगळे. त्यात मला विसंगती दिसत नाही.

वीतभर आणि हातभर

शास्त्रज्ञांनाही हे कपाट हवे होते. १९९२ च्या सुमारास अल गोर यांच्या प्रयत्नाने साठ-सत्तर शास्त्रज्ञांना चौकशी करून आत सोडण्यात आले. त्यांच्या मंडळाचे नाव ‘मेडिया’. साठीच्या दशकात अशाच नागरी कामाचे नाव होते ‘आर्गो’. ग्रीक पुराणात आर्गो हे जेसनचे जहाज आणि मेडिया ही त्याची चेटकीण बायको. सोनेरी लोकर मिळवायला तिनेच त्याला मदत केली. हेर खात्यातही कोणी साहित्याचा पदवीधर असावा असे मानायला जागा आहे, आणि आमच्या जातभाईंना कुठेतरी नोकरी लागली याचा आनंद आहे! हे मंडळ पुढे बंद पडले, २०१० मध्ये पुन्हा उभे राहिले, २०१५ मध्ये पुन्हा थांबले. त्याच्या खटाटोपातून २००९ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाची चित्रे बाहेर आली. अलास्कातील बॅरो गावचा किनारा जुलै २००६ मध्ये बर्फाने वेढलेला दिसतो. जुलै २००७ मध्ये तिथे नुसते पाणी.

पण सगळ्यात मोठे कपाट उघडले ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी. २२ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांनी हुकूम काढून कोरोना आणि तिच्या भावंडांनी काढलेली साडेआठ लाखांहून अधिक छायाचित्रे खुली केली. २००२ मध्ये आणखी काही सुटली. त्यांत ‘हेक्झॅगॉन’ नावाच्या थोराड हेर उपग्रहाच्या नकाशा-कॅमेऱ्याने १९७३ ते १९८० या काळात टिपलेली सुमारे २९,००० चित्रे होती. आता साउथ डाकोटातील सू फॉल्स येथल्या संग्रहातून कोणीही, आपण किंवा मीसुद्धा, ती मागवू शकतो.

आणि इथे ही गोष्ट आपल्या दाराशी येते. हेक्झॅगॉनने हिमालयही टिपला होता. एकाच जागेचे दोन बाजूंनी घेतलेले फोटो जुळवले की उंची काढता येते. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या फोटोंवरून १९७५ च्या सुमारास हिमनद्यांचा पृष्ठभाग किती उंचीवर होता ते काढले आणि पुढच्या उपग्रहांच्या मोजणीशी ताडून पाहिले. भारत, नेपाळ, भूतान आणि चीनमधल्या दोन हजार किलोमीटर पट्ट्यातल्या ६५० हिमनद्या त्यांनी तपासल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १९७५ ते २००० या काळात या नद्यांची जाडी वर्षाला सरासरी पाव मीटरने घटत होती. २००० नंतर ती वर्षाला सुमारे अर्धा मीटर घटू लागली. आपल्या आज्यांच्या मापात सांगायचे तर आधी वीतभर, नंतर हातभर. ही मोजणी जमिनीवरून करणे अशक्य होते. चाळीस वर्षांपूर्वी तिथे पट्टी घेऊन उभे कोण होते? कोणीच नव्हते. एक हेर तेवढा वरून जात होता, आणि त्याच्या फिल्मवर ज्यांनी भिंगे रोखली ते विमानतळ आणि लष्करी तळ शोधीत होते. हिमनदी कुठवर आली आहे ते पाहण्याचे त्यांना कारणच नव्हते.

यंदा मेव्हण्यांचा फोटो आला नाही. मला चुकल्यासारखे झाले. वसुबारसेला त्यांचाच फोन आला.

“भाऊजी, तुमच्या त्या हेराकडे आमच्या ठाण्याचा जुना फोटो मिळेल का हो? साधारण पासष्ट-सहासष्टचा?”

त्यांच्या वडिलांचे कौलारू घर होते, पुढे अंगण, मागे विहीर आणि चार नारळ. आज तिथे बावीस मजली टॉवर आहे. घराचा एकही फोटो त्यांच्यापाशी नाही. त्या काळी फोटो माणसांचे काढीत, घरांचे नव्हे. मी कन्येला फोन दिला. ठाण्यावरून तो उपग्रह कधी गेला होता का, आणि गेला असला तर त्या दिवशी आभाळ निरभ्र होते का, हे ती सू फॉल्सच्या यादीत पाहणार आहे. सहा फुटांची वस्तू दिसत असेल तर विहीर दिसायला हरकत नाही, असे तिचे म्हणणे.

मेव्हण्यांनी लगेच कागदावर घराचा आराखडा काढून तिला पाठवला. विहीर कुठे, नारळ कुठे, गोठा कुठे, आणि ओळखायला सोपे जावे म्हणून कौलांना तांबडा रंगही दिला आहे. तो फोटो काळापांढरा असेल, हे त्यांना सांगायचे राहूनच गेले.